उलट्या बाजूने बघणाऱ्या प्रमिलाबाई

वणी शहर आणि आसपासच्या तमाम नागरिकांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, शहरातली कपड्यांची झडती आता कायमची बंद झाली आहे. लोंबता दोरा घेऊन हिंडणाऱ्यांनी निर्धास्त हिंडावे. उसवलेल्या साडीच्या फॉलला सेफ्टी पिन टोचून लग्नाला जाणाऱ्या भगिनींनी मान ताठ ठेवून जावे. पँटची उसवलेली घडी ऑफिसातल्या स्टेपलरने मारून वेळ निभावणाऱ्या बाबू लोकांनी पाय पसरून बसावे. कोणी काही म्हणणार नाही. कारण ज्यांच्या धाकाने हे गाव आजवर नीट शिवलेले कपडे घालत आले, त्या प्रमिलाबाई झाडे आपल्या लेकीकडे अमरावतीला राहायला गेल्या आहेत.

ही घोषणा मी खरं तर भर चौकात माइकवरून करणार होतो. माइक माझ्याकडे असतोच. पोटापाण्यासाठी माझं कापडाचं दुकान आहे, पण गावात कबड्डीचे सामने असोत, गणपतीचा कार्यक्रम असो की कोणाचा सत्कार, बोलायला मलाच उभं करतात. माझा आवाज मोठा आहे आणि मला थांबता येत नाही, हे दोन्ही गुण गावाने वेळीच ओळखले. तरीही ही घोषणा मी केली नाही. मनात भीती होती की बाईंना अमरावतीत ऐकू जाईल, आणि पहिल्या गाडीने येऊन त्या माझी कॉलर उलटी करून बघतील.

बाईंचा जन्म कुठला, शिक्षण किती, यजमान काय करत होते, हे मला विचारू नका. त्यांनी घातलेली टीप मी दहा टिपांत ओळखीन. त्यांची जन्मतारीख मला ठाऊक नाही. माझ्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांचा शिवणक्लास होता. बारीक, ठेंगणी बाई. गळ्यात मंगळसूत्र आणि टेप, दोन्ही कायमचे. पदराला दोरा ओवलेली सुई टोचलेली. पर्समध्ये पैशांच्या आधी आगपेटी. आणि अंगात नम्रता म्हणाल तर नावाला नाही. "वणीत शिवनं मले येते," त्या सांगत, "बाकीचे कापड जोडते."

त्यांची नमस्कार करण्याची पद्धत वेगळी होती. समोरच्याचा हात त्या प्रेमाने दोन्ही हातांत घेत. माणूस सुखावे. तोवर बाईंच्या अंगठ्याने बाहीची कड उलटी केलेली असे. मग चष्म्यातून एक नजर आत, आणि निकाल. "दोरा कच्चा हाय हो भाऊ." किंवा, "कोनं शिवली? बरी हाय." बाईंचं 'बरी हाय' मिळालेला शिंपी ते आठवडाभर गिऱ्हाइकांना ऐकवत असे. सरळ बाजू त्या बघतच नसत. "सरळ बाजू लोकांसाठी रायते," त्या म्हणत, "मले आतली दाखवा."

एकदा गणपतीच्या कार्यक्रमात एक मोठे पाहुणे भाषण करत होते. मी बाजूला उभा. पाहुण्यांच्या नव्या जाकिटाच्या पाठीवर एक पांढरा दोरा लोंबत होता आणि हातवाऱ्यांबरोबर तोही वळवळत होता. पहिल्या रांगेत बसलेल्या बाईंची चुळबुळ मला दिसत होती. मी डोळ्यांनी विनवलं, बाई, नका. बाई उठल्याच. शांतपणे स्टेजवर आल्या, पर्समधून छोटी कात्री काढली, पाहुण्यांच्या मागे जाऊन दोरा कापला आणि परत जागेवर जाऊन बसल्या. पाहुण्यांना वाटलं, मागून कोणी हार घालायला आलं. ते भाषण थांबवून मान वाकवून उभे राहिले. मान वाकवलेला पाहुणा आणि हार कुठेच नाही! शेवटी मी माझ्याच गळ्यातला हार काढून त्यांना घातला. बाईंनी जोरात टाळ्या वाजवल्या.

माझ्या दुकानात त्या आल्या की ठाणांची परीक्षाच असे. ठाण उलगडलं की त्या आधी कापड चुरगाळत, मग दोन्ही मुठींत धरून चोळत, आणि मग कानाशी नेत. "कापड ऐका लागते, दुकानदार." मला त्या कायम 'दुकानदार' म्हणत. मला नाव आहे, ते पाटीवरही आहे, पण नाही. कोरं सुती कापड कसं बोलतं, रेशीम कसं कुजबुजतं, कांजी भरलेलं कापड कसं कुरकुरतं, हे त्या ऐकून सांगत. एकदा माल चोळताच त्यांच्या मुठीतून पांढरी भुकटी उडाली. समोर तीन गिऱ्हाइकं. "ह्यात कापड कमी अन् कांजी जास्त हाय," बाई म्हणाल्या. "एकदा धुतलं का ह्याची मच्छरदानी होते. व्यापाऱ्याले वापस धाडा अन् माह्यं नाव सांगजा." मी धाडलं. नावही सांगितलं. पुढच्या खेपेला माल चांगला आला.

आता आगपेटीची गोष्ट. कापडाचा एक दोरा ओढून जाळला की त्याचं कूळ कळतं. सूत कागदासारखं जळतं आणि मऊ राख उरते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याचा कडक मणी होतो. रेशमाला आणि लोकरीला केस जळाल्यासारखा वास येतो. हे ज्ञान बाईंनी क्लासपुरतं ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं! पण एका लग्नात नवरदेवाचा मामा सगळ्या मांडवाला शेरवानीबद्दल सांगत सुटला होता. "प्युअर सिल्क हाय! हात लावून पाहा!" बाईंनी हात लावला. आशीर्वाद द्यायला त्या स्टेजवर गेल्या, एक हात नवरदेवाच्या डोक्यावर आणि दुसरा शेरवानीच्या आतल्या शिवणीत. दोन दोरे घेऊन त्या मांडवामागे आल्या आणि काडी ओढली. वास सुटला. बायकांच्या पंगतीतून कोणीतरी किंकाळलं, "वेनी पेटली वं कोनाची तरी!" त्यासरशी सगळ्यांचे हात आपापल्या वेण्यांवर. एका मावशींनी तर धोका नको म्हणून शेजारच्या जावेच्या डोक्यावर मठ्ठ्याचा तांब्या रिता केला. आणि त्या गोंधळात हाताच्या तळव्यावर चिमूटभर राख घेऊन प्रमिलाबाई पुढे आल्या. चेहरा असा की खाणीत सोनं सापडलं. "अस्सल!" त्या गरजल्या. "शंभर नंबरी रेशीम हाय बाप्पा!" मामा धावत आला, त्याने बाईंच्या पाया पडून त्यांना पहिली जिलेबी वाढली. ती मठ्ठ्याने न्हालेली जाऊ मात्र अजून बाईंशी बोलत नाही.

हे ऐकून कोणाला वाटेल की बाई फक्त सुती-रेशमीवाल्या होत्या, पॉलिस्टरला नाक मुरडणाऱ्या. मुळीच नाही. "कापडाले जात नसते, स्वभाव असते," हे त्यांचं आवडतं वाक्य. सूत घाम पिऊन घेतं, पण आकसतं. पॉलिस्टर आकसत नाही, पण घाम तुमचा तुम्हालाच परत देतं. कोळशाच्या खाणीवर जाणाऱ्या माणसाला रोज धुऊन सकाळी वाळलेलं लागतं, तर त्याला टेरिकॉटच बरं. त्याला खादीचे गोडवे सांगायला त्या कधी गेल्या नाहीत. स्वभाव ओळखा आणि त्याप्रमाणे शिवा, एवढंच.

क्लासच्या बायकांना हे सगळं त्या ओरडून शिकवत. खाली दुकानात मला सगळं ऐकू येई आणि गिऱ्हाइकांनाही. नवी आलेली एखादी सून इस्त्री जोराने पुढे-मागे करू लागली की वरून आवाज येई, "वखर चालवून राह्यली का वं? इस्त्री ढकलाची नाही, ठेवाची! उचल, पुढं ठेव. उचल, पुढं ठेव. ढकलली का शिवन वाकडी होते." प्रत्येक शिवण घातली की ती तिथल्या तिथे इस्त्रीखाली बसवायची, मगच पुढची. "अर्धी शिलाई मशीनवर होते, अर्धी इस्त्रीखाली." आणि सगळ्यात मोठा मंत्र, जो दिवसातून कितीदा घुमायचा त्याची गणतीच नाही: "आधी पान्यात, मंग कात्रीत!" म्हणजे सुती कापड आधी भिजवून, आकसू द्यायचं तेवढं आकसू देऊन, वाळवून, मगच कापायचं. माझ्या दुकानात पोपट असता तर हा मंत्र त्यालाही पाठ झाला असता. मला तर झालाच.

अशा या बाई कबड्डीच्या मैदानावर कशा पोचल्या, ते आता सांगतो. त्यासाठी आधी राजूरच्या अश्विनीला भेटावं लागेल.

अश्विनी बोढे ही राजूरच्या शाळेतल्या मुलींच्या संघाची कप्तान. चढाईला निघाली की समोरच्या मुली आपोआप मागे सरकत. तिचे वडील किसनभाऊ कोळशाचा ट्रक चालवतात. मनगट माझ्या पोटरीएवढं, आणि बोलणं महिन्याकाठी चार वाक्यं. पण मुलीचं वेड असं की पोरींना पडल्यावर लागू नये म्हणून ट्रकची जुनी ताडपत्री त्यांनी स्वतः मैदानात आणून अंथरली होती. पोरी खेळून उठल्या की सगळ्या कोळशाने माखलेल्या, फक्त दात तेवढे पांढरे.

त्या वर्षी कोणा दानशूराने संघाला नव्या जर्सी दिल्या. चकचकीत निळ्या, पाठीवर आकडे. पोरी हरखल्या. पहिलाच सामना बाभुळगावला. अश्विनी चढाईला गेली, तिघींनी धरलं. नियमाने कपडा धरायचा नसतो, पण हात निसटला की बोटं कपड्यात अडकतातच. ओढाताणीत तिच्या बगलेत टर्र असा आवाज झाला आणि जर्सी बगलेपासून कमरेपर्यंत उघडली. एक हात अंगाशी घट्ट दाबून पोरगी जागच्या जागी उभी राहिली. रेषा हातभर लांब होती. ती गेली नाही. गर्दीतून कोणी तरी फिदीफिदी हसलं.

किसनभाऊ गर्दीतून सरळ मैदानात शिरले. पंचाकडे बघितलं नाही, कोणाकडेच बघितलं नाही. खांद्यावरचा दुपट्टा काढून पोरीच्या अंगावर घातला आणि तिला घेऊन निघाले. संघाचे प्रशिक्षक रहीम सर मागे धावले, तेव्हा एवढंच म्हणाले, "हारल्याचं काई नाई सर. पन माह्या पोरीले लोकं हासले. संपली कबड्डी."

पुढचे किती तरी दिवस अश्विनी मैदानाकडे फिरकली नाही. बाकीच्या पोरी खेळत, पण हात कोपरापासून वर उचलत नव्हत्या. सगळ्यांना तो टर्र आवाज ऐकू येत होता.

एका दुपारी रहीम सर माझ्या दुकानात आले. हातात तीच फाटकी जर्सी. वणीतल्या स्पर्धा जवळ आल्या होत्या. "भाऊ, जाडं कापड द्या," ते म्हणाले. "एकदम मजबूत. फाटलंच नाही पायजे." मी हौसेने जीन्सचं ठाण काढलं. मग गादीचं कापड काढलं. तंबूचंही काढणार होतो. तेवढ्यात जिन्यावर चपला वाजल्या.

"दुकानदार, पोरीले खेळाले धाडून राह्यले का झोपाले?" बाई खाली उतरत म्हणाल्या. "फाटलं थे दाखवा पह्यले."

सरांनी जर्सी दिली. बाईंनी ती अर्थातच उलटी केली. फाटलेल्या कडेवरून बोट फिरवलं, कापड दोन्ही हातांनी ताणलं, सोडलं, पुन्हा ताणलं. मग वर क्लासला हाक दिली. सगळ्या बायका शिवण टाकून खाली आल्या. माझं दुकान म्हणजे कोर्ट झालं.

"सांगा," बाई म्हणाल्या, "काय फाटलं?"

"कापड," एक जण म्हणाली.

"पाहा नीट. कापड कुठं फाटलं? एक तरी धागा तुटला हाय का कापडाचा?"

बायकांनी वाकून पाहिलं. मीही वाकलो. कापड अखंड होतं. फक्त शिवण उसवली होती.

"कापड निर्दोष हाय," बाईंनी निकाल दिला. "इतके दिवस बिचाऱ्याले शिव्या देऊन राह्यले तुमी. हे विनीचं कापड हाय, मोज्यासारखं. ओढलं का लांबते, सोडलं का जाग्यावर येते. अन् शिवनाऱ्यानं त्याच्यावर मारली सरळ टीप. दोरा लांबते का? नाई लांबत. कापड लांबलं अन् दोरा राह्यला तेवढाच. मंग दोरा काय करीन? तुटीन!" त्यांनी उरलेल्या शिवणीला जरा हिसका दिला. टर्र. रहीम सरांनी डोळे मिटले.

"मंग बाई, आता?" सर म्हणाले.

"आता मी हाय ना," बाई म्हणाल्या.

नम्रता नव्हती म्हणून सांगितलं ना मी!

बाईंचा डाव असा होता. सरळ टिपेऐवजी नागमोडी टाका, म्हणजे कापड ताणलं की टाकाही उलगडतो. शिवण एकदा घालून, कडा आत दुमडून, वरून पुन्हा एकदा. खांद्यावर आतून पट्टी, म्हणजे तिथे फार ताणायला नको. आणि बगलेत चौबगला. हा शब्द ऐकून नव्या मुली एकमेकींकडे बघायला लागल्या, तेव्हा बाईंनी रस्त्यावरून चाललेल्या एका म्हाताऱ्या शेतकऱ्याला आत बोलावलं, पाणी दिलं, खुर्चीवर बसवलं आणि म्हणाल्या, "बुवा, हात वर करा." बुवांनी दरोडा पडल्यासारखे दोन्ही हात वर केले. त्यांच्या बंडीत बगलेखाली एक चौकोनी तुकडा तिरका बसवलेला होता. हात आभाळाला लागले तरी बंडी कमरेवरून बोटभरही उचलली नव्हती. "हा चौबगला. पेराले, वखराले, कापूस येचाले हात मोकळा राह्यला पायजे म्हनून जुन्या लोकायनं काढला. चार शिवनी बगलेत येऊन भांडतात, हा मधात बसून भांडन सोडवते." बुवा अजून हात वर करूनच बसले होते. "झालं बुवा, हात खाली घ्या."

पहिला नमुना बाईंनी स्वतः शिवला. घाईत आणि जोशात. आणि चौबगल्याला घेतलं माझ्याच दुकानातलं कोरं सुती पॉपलीन, का तर बगलेत घाम पिणारं कापड बरं. जर्सी सुंदर झाली. मग त्यांच्या रिवाजाप्रमाणे ती धुतली. वाळल्यावर बघतो तर चौबगला आकसून सुपारीएवढा, आणि बगलेला अशा चुण्या की हात खांद्यापर्यंतही जाईना. आधी पाण्यात घालायला बाईच विसरल्या होत्या.

दुसरं कोणी असतं तर ती जर्सी गुपचूप कपाटात गेली असती. बाईंनी भर क्लासमध्ये ती झेंड्यासारखी वर धरली. "पाहा वं सगळ्या! आज बाई नापास झाल्या. काहून झाल्या, सांगा!" आणि इतक्या वर्षांच्या ओरड्याचा सूड घ्यायची संधी मिळालेल्या साऱ्या बायकांनी एका सुरात छत हादरवलं: "आधी पान्यात, मंग कात्रीत!" मीही खालून त्यात आवाज मिसळला. सगळ्यात जोरात बाई हसल्या. मग चौबगलाही त्याच निळ्या विणीच्या कापडाचा लागला, आणि सगळ्या संघाच्या जर्सी उसवून पुन्हा शिवायला मशिनी धडधडू लागल्या.

जर्सी होतील, पण कप्तान कुठे होती? रहीम सर दोनदा किसनभाऊंच्या घरी जाऊन हात हलवत आले होते. शेवटी बाईंनीच निरोप धाडला: प्रमिलाबाईनं बोलावलं, शिवन पाहाले या. किसनभाऊ आले. माझ्या दुकानाच्या दारातच उभे राहिले. अश्विनी त्यांच्या मागे.

"किसनभाऊ," बाई म्हणाल्या, "मी तुमाले समजवनार नाई. तुमी फाडून पाहा."

एवढं म्हणून त्यांनी पडदा सारला, आणि पडद्याआडून मी बाहेर आलो. निळी जर्सी घालून. पाठीवर आकडा. हो, बाईंनी एक खास माझ्या मापाची शिवली होती. "ह्या देहावर टिकली तर पोरीवर टिकलीच," असा त्यांचा हिशेब. बायका पदर तोंडात कोंबून हसत होत्या. अश्विनीही हसली, त्या दिवसांत पहिल्यांदाच.

"ओढा," बाई म्हणाल्या.

किसनभाऊंनी संकोचत बाही धरली आणि हलकेच ओढली. "असं नाई! ट्रकचा दोर आवळता तसं!" मग त्या माणसाने खरंच हिसका दिला. मी काउंटरपासून दारापर्यंत फरशीवरून घसरत गेलो. दुसरा हिसका. मी दारापासून परत काउंटरला. मी ओरडत होतो, "भाऊ, जर्सी टिकीन, मी टिकत नाई!" पण किसनभाऊंना आता चेव चढला होता. त्यांनी पाय रोवून दोन्ही हातांनी बाही खेचली. बाही माझ्या बोटांच्या पुढे वीतभर लांब झाली. सोडली, तर सपकन जागेवर. बाईंनी पुढे येऊन माझा हात वर केला, बगल किसनभाऊंना दाखवली. माझ्या बगलेकडे इतक्या आदराने त्याआधी आणि त्यानंतर कोणी पाहिलेलं नाही.

किसनभाऊंनी वाकून टाक्यांवरून अंगठा फिरवला. मग पोरीकडे बघून म्हणाले, "एक मॅच. मी तिथंच उभा राहीन. दुपट्टा घेऊन. पुन्हा टर्र झालं तर मंग कोनीच मले काई सांगू नका."

"टर्र झालं," बाई म्हणाल्या, "तर मी मशीन इकून टाकीन."

तो सामना वणीच्या मैदानावर, ऐन दुपारी. निकाल मी आधीच सांगून टाकतो, कारण मला तो पोटात ठेवता येत नाही: आपण जिंकलो! राजूरच्या पोरी जिंकल्या, कप खांद्यावर नाचवत नेला, आणि मी माइकवर असा काही ओरडलो की दोन दिवस दुकानात खुणांनी कापड विकत होतो. पण मला सांगायचं आहे ते निकालाच्या जरा आधीचं.

बरोबरी होती. शेवटची चढाई. अश्विनी गेली. समोरच्या दोघींनी तिला कमरेत आणि घोट्यात धरलं. तिसरीचा हात खांद्यावरून निसटला आणि मूठ बाहीत अडकली. नेमकी तीच बाजू, तीच बगल. अश्विनी तोंडाने कबड्डी कबड्डी म्हणत रेषेकडे रेटत होती आणि तिची बाही मागे मागे ताणत चालली होती. सगळं मैदान गप्प झालं. त्या दिवशी तिथे जमलेल्यांपैकी निम्म्यांनी बाभुळगावची गोष्ट ऐकलेली होती. समोर माइक चालू, आणि मी वर्णन सोडून उठून उभा राहिलो होतो.

मी बाईंना शोधलं. मैदानाच्या कडेला त्या उभ्या होत्या, क्लासच्या बायकांच्या मधोमध. पदराला सुई टोचलेली. सगळ्यांचे डोळे अश्विनीवर खिळलेले, आणि प्रमिलाबाईंनी डोळे मिटले होते. मान किंचित तिरकी, एक कान मैदानाकडे. माझ्या दुकानात ठाण कानाशी धरून उभ्या राहत, अगदी तशा. त्या बघत नव्हत्या. त्या कापड ऐकत होत्या. आज बाई म्हटलं की मला त्या तशाच दिसतात. त्यानंतर त्या अमरावतीला गेल्या, निरोपसमारंभही झाला, त्यात मी भाषणही केलं, पण त्यातलं मला काही आठवत नाही.

बाही ताणली. अजून ताणली. आवाज आला नाही. बाईंच्या ओठांवर हळूच हसू पसरलं. शिवण टिकली हे अश्विनीच्या कधी लक्षात आलं कोण जाणे, पण इतका वेळ अंगाशी दाबून धरलेला तो हात तिने सोडला, सरळ डोक्यावर उचलला आणि पूर्ण लांबीने रेषेकडे झेपावली.

माझ्या टेबलाशेजारी किसनभाऊ उभे होते, दोन्ही मुठींत दुपट्टा पिळत. महिन्याकाठी चार वाक्यं बोलणारा हा माणूस एकदम पुढे झुकला, आपल्यासमोर चालू माइक आहे याचं त्याला भान नव्हतं, आणि साऱ्या वणीला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडला:

"ओढा वं पोरीहो, अजून ओढा! शिवन बाईची हाय!"